रबरी नावेची कोरड्या ऋतूतील ठेव

ज्येष्ठ लागून समुद्र खवळू लागला म्हणजे अर्नाळ्याचे कोळी बांधव आपल्या होड्या किनाऱ्यावर वर ओढून घेतात, त्यांस नीट टेकू देतात, वरून आच्छादन करतात, आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून त्या पुन्हा पाण्यात लोटतात. हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला असल्याने होडी केव्हा वर घ्यावी, तिच्या फळ्यांस केव्हा तेल द्यावे, कोठे भेगा भराव्या, हे कोळ्याच्या पोरासही सांगावे लागत नाही. परंतु नंदाखाल, आगाशी, निर्मळ, वाघोली या आपल्या वाडीपट्ट्यात पुरासाठी म्हणून जी रबरी नाव एखाद्या गावाने, सोसायटीने अथवा संस्थेने घेतली असेल, तिचा क्रम याच्या अगदी उलट आहे. कोळ्याची होडी पावसाळ्यात विसावते व आठ महिने राबते. ही नाव पावसाळ्यात चार दिवस राबली तर राबते आणि आठ महिने पडून असते. आपल्यापाशी या उलट्या क्रमाची वहिवाट नाही, जुने जाणते नाहीत, आणि म्हणूनच ही नाव पुरात फुटण्यापेक्षा कोरड्या ऋतूत, गुदामात, कोणाच्या नजरेस न पडता नासते. तिची ठेव कशी करावी एवढाच या लेखाचा विषय आहे.

अशा नावेची आपणांस गरज ती काय, असे विचारणारे सद्गृहस्थ आजही भेटतात. त्यांनी तालुक्याची रचना डोळ्यांसमोर आणावी. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीस पोटात घेणारी वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर व पश्चिमेस समुद्र. डोंगरावरचे पाणी मिठागरे व खाड्या यांतून समुद्रास मिळावयाचे. परंतु त्याच वेळी भरती असली म्हणजे ते मागे रेटले जाते. पूर्वी वाड्यावाड्यांतून बावखले होती, ती हे पाणी काही काळ पोटात धरून ठेवीत व उन्हाळ्यात विहिरींना झरा देत. त्यांतील कित्येक भराव टाकून बुजविली गेली. भराव टाकणाऱ्याने भाव मिळविला, पाणी मात्र शेजाऱ्याच्या वाडीत शिरले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस कोणी विसरलेले नाही. जुलै २०१८ मध्ये तर आपल्या तालुक्यावरच प्रसंग गुदरला. मिठागरातील वस्तीत माणसे अडकली आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास पाचारण करावे लागले. पुढच्याच वर्षी, २७ जुलै २०१९ रोजी, बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात उभी राहिली व हजारांवर उतारूंची सुटका करावी लागली, त्या कामी अशाच रबरी नावा उपयोगी पडल्या. हे दल शूर आहे, तत्पर आहे. परंतु महाराष्ट्रासाठी असलेली त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ असते. पावसाळ्यात तिची पथके निरनिराळ्या जिल्ह्यांत आधीच नेऊन ठेवतात हे खरे, तरी रस्ते पाण्याखाली असता दूरच्या वस्तीतील बाळंतिणीस किंवा वृद्धास पहिल्या दोन तासांत बाहेर काढावयाचे असेल, तर गावात असलेली नावच कामास येणार, आणि तीही फुगणारी असली तर.

प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करीत आयुष्य घालविले. कचेऱ्यांतून ‘जडवस्तू संग्रह’ म्हणून एक नोंदवही असते. खुर्च्या, कपाटे, कंदील, घड्याळे यांची नोंद तीत व्हावयाची आणि वर्षातून एकदा तपासणी होऊन ‘सुस्थितीत’ असा शेरा पडावयाचा. एका कचेरीच्या गुदामात अशीच एक रबरी नाव नोंदलेली होती. वर्षानुवर्षे तिच्या पिशवीकडे पाहून शेरा लिहिला जाई. पिशवी कोणी सोडीत नसे. एका जुलैत पाणी चढले, तेव्हा ती सोडली. घडी उलगडताना चर्र असा आवाज झाला; आतील पदर एकमेकांस चिकटले होते, ते ओढताच वरचा लेप सुटून आला. एका कोपऱ्यात उंदरांचे घर होते व त्या घरासाठी लागलेला माल नावेतूनच काढलेला होता. कागदावर नाव होती, पाण्यात नव्हती. त्या दिवशी केळीच्या खांबांचा तराफा करून माणसे काढावी लागली, आणि दैव अनुकूल म्हणून सर्व वाचली. कपाट किंवा खुर्ची यांच्या पंक्तीस रबरी नाव बसविणे हीच मूळ चूक होय. ती जडवस्तू नसून गोठ्यातील जनावराप्रमाणे तिची देखरेख करावी लागते.

नाव कशाची आहे हे प्रथम जाणून घ्यावे, कारण पुढील बरेच उपाय त्यावर अवलंबून आहेत. आपण तिला सरसकट रबरी म्हणतो, परंतु आजच्या नावा मुख्यत्वे दोन जातींच्या असतात. एक पीव्हीसीची, म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेली. ही स्वस्त, हलकी, पण उन्हाने व उष्णतेने लवकर खंगणारी. दुसरी हायपालॉन नावाच्या कृत्रिम रबराची. ही महाग, परंतु ऊन व तेल यांस पुष्कळ अधिक दाद न देणारी. हायपालॉन हे नाव ज्या ड्यूपाँट कंपनीचे, तिने ते करणे २०१० साली बंद केले, तरी त्याच जातीचा माल अन्य कारखाने करतात व व्यवहारात जुनेच नाव चालू आहे. नावेच्या पुस्तिकेत किंवा मागील फळीवरील पट्टीवर जात लिहिलेली असते. ती नावेच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत उतरून ठेवावी. पुढे ठिगळ लावण्याची वेळ आली म्हणजे या एका ओळीचे मोल कळते.

रबराचा उष्णतेशी असलेला झगडा काही आजचा नाही. हवेने फुगविलेल्या कातड्यांवर पालथे पडून नदी ओलांडणारे सैनिक असुरियाच्या प्राचीन शिलाचित्रांत कोरलेले आहेत, तेव्हा कल्पना जुनीच. पण कच्चे रबर उन्हात चिकट व थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने ते गंधकासह तापवून पक्के करण्याची युक्ती शोधून काढली. पुढे १८४० नंतरच्या दशकात इंग्रजी आरमारातील हॅल्केट नावाच्या अधिकाऱ्याने अंगावर झग्याप्रमाणे घेता येईल व पाण्याशी येताच फुगवून नाव करता येईल असा रबरी कापडाचा झगा तयार केला, आणि उत्तर ध्रुवाकडील मोहिमांतून अशा नावा वापरल्या गेल्या. हे सांगण्याचे कारण इतकेच, की या नावा थंड मुलुखात वाढल्या. त्यांच्यासोबत येणाऱ्या पुस्तिकाही तिकडील हवा मनात धरून लिहिलेल्या असतात. हिवाळ्यात बर्फाने कापड कडक होईल, यंत्रातील पाणी गोठून ते फुटेल, अशी भीती त्यांत पानोपानी असते. वसईच्या पौष-माघात पाणी गोठत नाही. आमचा हिवाळा नावेचा वैरी नसून मित्र आहे. वैरी आहेत ते उंदीर, ओल, आणि फाल्गुनापासून पत्र्याखाली कोंडणारा उष्मा. म्हणून पुस्तिका अवश्य वाचावी, पण आपल्या हवेचा विचार करून वाचावी.

नाव बांधून ठेवण्याची घाई करू नये. हस्ताचा पाऊस सरला तरी चित्रा-स्वातीच्या सरी भातकापणीत कशा दगा देतात हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास, आकाश स्वच्छ झाल्यावर हे काम हाती घ्यावे. त्या दिवसांत ऊन कडक व वारा कोरडा असतो, आणि वाळविणे हेच या सर्व कामाचे मर्म आहे.

प्रथम नाव फुगवून तिच्या तळच्या फळ्या काढाव्या. फळ्या व बाजूचे फुगीर नळे यांच्या सांध्यात जी वाळू, चिखल व शंखांचा चुरा बसतो, तो घडीत राहिला म्हणजे काचकागदाचे काम करतो. गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. येथे एक सावधगिरी अशी, की आपल्या पट्ट्यातील बऱ्याच विहिरींचे पाणी आता मचूळ झाले आहे. जिभेला खारट लागणाऱ्या पाण्याने धुतल्यास मीठ पुन्हा सांध्यांत बसते आणि मीठ हवेतील ओल ओढते. बावखलाचे किंवा नळाचे पाणी घ्यावे. मळ निघत नसेल तर अंग धुण्याचा सौम्य साबण व मऊ फडके पुरे. पेट्रोल, रॉकेल, थिनर, ब्लीचिंग पावडर यांस हात लावू नये; डाग जाईल, पण त्याबरोबर लेपही जाईल. मोटारीचे टायर चकचकीत करण्याचे पदार्थ काही उत्साही तरुण नावेस चोळतात. त्याने ती नवीकोरी दिसते खरी, परंतु पुढे त्या जागी ठिगळ धरत नाही.

धुतल्यावर नाव फुगलेल्याच स्थितीत, तळाचे बूच काढून, एका अंगावर कलती करून सावलीत ठेवावी. आंब्याखाली ठेवू नये, चीक व पक्ष्यांची विष्ठा पडते. पडवी किंवा खळ्यावरील छप्पर उत्तम. फडक्याने पुसून घेतली तरी तळ व नळे यांच्या मधल्या खाचेत पाणी दडून राहते, ते दुसऱ्या दिवशी बाहेर येते. म्हणून दोन पूर्ण दिवस, मध्ये एकदा बाजू बदलून, वाळू द्यावी. सुकेळी करणाऱ्या आगाशीच्या बागाइतदारास वाळविणे म्हणजे काय हे शिकवावे लागणार नाही. वरून कोरडे दिसणारे केळे आत ओले असले म्हणजे बरणीत काय होते ते तो जाणतो. नावेच्या घडीतही तेच होते. बुरशीचे काळे ठिपके पडतात, दोऱ्या व कापडी पट्टे कुजतात आणि सांध्यांची चिकट सुटू लागते.

वाळविण्याच्या याच दोन दिवसांत हवेची परीक्षा उरकून घ्यावी. येथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बहुतेक अशा नावांच्या बाजूच्या नळ्यांत दर चौरस इंचास तीन पौंडांच्या आसपास दाब ठेवावयाचा असतो. नक्की आकडा पुस्तिकेत पाहावा. समजा दुपारी हवा ३५ अंशांवर असता बरोबर तीन पौंड दाब भरला. पहाटे हवा २० अंशांवर आली. सकाळी दाब मोजला तर तो सुमारे २.१ पौंड भरेल, आणि पाहणारा म्हणेल की नाव गळते. वस्तुतः एक कणही हवा गेलेली नसते. हवा थंड होऊन आखडली इतकेच. उलट, पहाटेच्या गारव्यात तीन पौंड भरून नाव उन्हात टाकली व आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर दाब ४.८ पौंडांच्या घरात जाऊ पाहतो. कापड थोडे ताणून घेते, तरी जुन्या सांध्यांस हा भार सोसत नाही. दुपारी बाराच्या सुमारास भर उन्हात नावेचा सांधा उकलल्याच्या ज्या हकीकती ऐकू येतात, त्यांचे मूळ बहुधा हेच असते. यासाठी दाब नेहमी एकाच वेळी मोजावा, आज सूर्योदयापूर्वी व उद्या सूर्योदयापूर्वी. दोन्ही दिवशी हवा सारखी असून दाब उतरला, तरच गळती समजावी. भरताना एक कप्पा पूर्ण फुगवून मग दुसऱ्यास हात घालू नये. सर्व कप्पे आधी अर्धे, मग क्रमाने पुरे भरावे, म्हणजे मधल्या पडद्यांवर एकीकडचा ताण येत नाही.

गळती असल्यास साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावे. आधी व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाहावे, कारण निम्म्या वेळी वाळूचा एक कण तेथे अडकलेला असतो व त्याच्या पायी लोक सबंध नाव उलटीसुलटी करतात. बाहेर कोठेच फेस येत नाही, आणि एक कप्पा मऊ पडून शेजारचा ताठ राहतो, तर आतील पडदा गेला असे धरून चालावे. हे काम गावात होत नाही, नाव कारखान्याकडे किंवा जाणत्या कारागिराकडेच पाठवावी.

ठिगळ लावण्याचा खरा हंगाम मार्गशीर्ष ते माघ हा होय. चिकट द्रव्यास कोरडी व समशीतोष्ण हवा लागते. पावसाळी दमट हवेत लावलेले ठिगळ वरवर बसते आणि पाण्यात सुटते. म्हणजे जूनमध्ये घाईने करण्याचे काम वस्तुतः डिसेंबरात करावयाचे असते. सायकलच्या दुकानातील सोल्युशन येथे चालत नाही. पीव्हीसीच्या नावेस पीव्हीसीचेच ठिगळ व त्याचे दोन भागांचे चिकट द्रव्य, हायपालॉनच्या नावेस त्याच जातीचे ठिगळ व त्याचे द्रव्य. अदलाबदल केल्यास दोन्ही वाया. हायपालॉनचा पृष्ठभाग आधी काचकागदाने हलकेच खरखरीत करावा लागतो. ठिगळाचे कोपरे गोल कापावे, टोकदार कोपरा आधी सुटतो. लावल्यानंतर एक रात्र नव्हे, पुस्तिकेत सांगितले असेल तितका पूर्ण अवधी हवा भरू नये. चिकट द्रव्याच्या डब्यासही मुदत असते व उघडलेला डबा तर फार दिवस टिकत नाही. चार वर्षांपूर्वीचा डबा पेटीत आहे म्हणून निर्धास्त राहणे म्हणजे कीड लागलेले बी कणगीत आहे म्हणून पेरणीबद्दल निर्धास्त राहणे होय.

आता प्रत्यक्ष ठेवण. जागा असेल तर नाव निम्म्या हवेने फुगलेली, फळीवर किंवा रुंद पट्ट्यांवर, सावलीत ठेवणे सर्वांत चांगले, कारण मग घडीच पडत नाही. पण वाडीतील घरात किंवा सोसायटीच्या खोलीत बारा-चौदा फुटांची मोकळी जागा आठ महिने कोण देणार? मग गुंडाळणे आले. हवा पुरी काढून, अंगावर शंखजिऱ्याची पूड हलकेच भुरभुरून, दोन्ही अंगे आत घेऊन मागील फळीकडून सैलसर गुंडाळी करावी. घट्ट आवळू नये, घडीची धार पाडू नये. लुगडे वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले तर घडीवरच फाटते, हे घरच्या मंडळींस विचारावे. कोणतीही जड वस्तू गुंडाळीवर ठेवू नये. व्हॉल्व्हची झाकणे बसवावी. आपल्याकडे कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधावयास कोणतेही भोक सोडीत नाही. झाकण नसलेला व्हॉल्व्ह म्हणजे तिला आयता वाडा.

पिशवी जमिनीवर ठेवू नये व भिंतीस लावू नये. खाली लाकडी फळ्यांचा ओटा करावा. छप्पर कौलारू असेल तर उत्तम. पत्र्याखालील खोलीत चैत्र-वैशाखाच्या दुपारी हात लावता येणार नाही इतकी झळ कोंडते आणि पीव्हीसीच्या नावेचे चिकटविलेले सांधे त्या झळीतच ढिले पडतात. दुसरी जागा नसेल तर पत्र्याखाली झावळ्यांचा किंवा पेंढ्याचा माळा घालावा. मात्र पेंढा नावेपाशी नको, त्याचे कारण पुढे येतेच.

सोसायटीच्या गुदामात एकीकडे युरियाच्या गोण्या, दुसरीकडे कीटकनाशकांचे डबे व मध्ये नाव, अशी व्यवस्था सहज होऊन बसते. खत ओल ओढते व धातूस गंज चढविते. औषधांची वाफ लेपास बाधते. ब्लीचिंग पावडरीतून सुटणारा वायू तर रबरास विषच. चालू विजेच्या मोटारीशेजारीही रबरी वस्तू ठेवू नये, ठिणग्यांपासून निघणाऱ्या ओझोन वायूने रबरास बारीक चिरा पडतात. नावेस स्वतंत्र कोपरा द्यावा, एवढे म्हटले की सर्व आले.

उंदीर व घुशी यांचा प्रश्न मात्र सर्वांत कठीण. उंदरास रबर आवडते असे नव्हे. त्यास अंधार, ऊब व निवांतपणा हवा असतो, आणि सैल गुंडाळी केलेली नाव या तिहींची खाण. दात झिजविण्यासाठी तो काहीही कुरतडतो. भात, बियाणे किंवा पेंढा ज्या खोलीत, त्या खोलीत नाव ठेवणे म्हणजे त्यास जेवण एका दारी व बिछाना दुसऱ्या दारी देणे होय. खोली धान्यरहित असावी. विषाच्या गोळ्या पिशवीत घालू नयेत, मेलेला उंदीर घडीत कुजला तर नाव गेलीच; डांबराच्या गोळ्याही कापडास लागू देऊ नयेत. सापळे लावावेत, ते भिंतीच्या कडेने. सर्वांत खात्रीचा उपाय जुन्या घरांतील शिंकाळ्याचा आहे. मजबूत तुळई पाहून तिला दोन रुंद पट्ट्यांनी पिशवी टांगावी, आणि प्रत्येक पट्टा जेथे तुळईस बांधला त्याखाली गुळगुळीत पत्र्याची पालथी टोपी बसवावी. उंदीर तुळईवरून येतो, टोपीवर घसरतो. तुळईवर भरवसा नसेल तर लोखंडी पायांचा माचा करावा व प्रत्येक पायास अशीच टोपी घालावी. खर्च एखाद्या ठिगळाइतकाही येत नाही.

पेटीतील इतर सामानाकडे कोणी पाहत नाही. जीवरक्षक जाकिटे गठ्ठा करून त्यांवर गोण्या रचलेल्या दिसतात. आतील फोम दबला म्हणजे जाकीट तरंगविण्याची शक्ती गमावते आणि ते बाहेरून मात्र नवेच दिसते. ती धुवून, वाळवून, खुंटीस एकेक टांगावी. वर्षातून एकदा अंगात घालून कमरेपेक्षा खोल पाण्यात उतरून परीक्षा घ्यावी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरात माणसांस सुरक्षित स्थळी नेणारी नावच उलटली व अनेकांस प्राण गमवावे लागले. तेव्हा नावेवर लिहिलेली माणसांची संख्या व तितकीच धड जाकिटे हा मोजदादीतील पहिला आकडा समजावा. वल्ही, दोर, पायपंप व त्याची नळी यांचीही त्याच दिवशी मोजदाद व्हावी. पंपाच्या चामड्याच्या किंवा रबराच्या वाटीस वाळून भेगा पडतात. पूर आला असता नाव धड व पंप मोडका, असा प्रकार अगदी शक्य आहे.

मागे अडकविण्याचे यंत्र असेल तर त्याविषयी थोडक्यात. खाऱ्या पाण्यात चालले असल्यास पिंपात गोडे पाणी घेऊन त्यात काही मिनिटे चालवावे म्हणजे आतील मीठ निघून जाते. पेट्रोल टाकीत ठेवू नये. आजच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतील ओल ओढते, आणि पडून राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट साका कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. प्लग काढून आत थोडे तेल सोडून दोरी दोनचार वेळा हलक्या हाताने ओढावी व प्लग परत लावावा. तळच्या गिअरचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे व सील बदलावयास हवे. यंत्र उभेच ठेवावे. पाणी बाहेर टाकणाऱ्या बारीक भोकावर फडके बांधावे, कुंभारीण माशीची वर सांगितलेली आवड येथेही लागू आहे.

एकदा बांधून ठेवली म्हणजे जूनपर्यंत निश्चिंत, असे मात्र नाही. नाताळ आटोपून जानेवारीचा पहिला आठवडा लागला की पिशवी सोडावी, नाव उलगडावी, एक दिवस वारा द्यावा व गुंडाळी पहिल्या घडीवर न करता निराळ्या घडीवर करावी. होळीच्या सुमारास नुसते डोकावून उंदराची लेंडी, ओल व वास पाहावा. दुसरी पुरी तपासणी अक्षय्य तृतीयेनंतर करावी. मे महिन्यात सरकारी कचेऱ्यांतून पावसाळापूर्व आढाव्याच्या बैठका होतात व १ जूनपासून नियंत्रण कक्ष सुरू होतात. गावाची तपासणी त्याच्या आधी झालेली बरी, म्हणजे काही उणे असल्यास मागविण्यास अवधी राहतो. या वेळी नाव एक पूर्ण दिवस फुगवून ठेवावी, पहाटेचे दोन दाब वहीत लिहावे, आणि मग ती एखाद्या बावखलात प्रत्यक्ष उतरवून माणसे बसवून, वल्ह्यांनी व यंत्राने फिरवून आणावी. गावातील तरुण मंडळींस याची हौस असते. तीच माणसे पुढे पुरात नाव हाकणार, तेव्हा त्यांचाही सराव होतो. रात्री कंदिलाच्या उजेडात नाव पिशवीतून काढून फुगविण्यास किती मिनिटे लागतात तेही एकदा घड्याळ लावून पाहावे.

वहीत जे लिहावयाचे ते फार नाही. तारीख, पहिल्या पहाटेचा दाब, दुसऱ्या पहाटेचा दाब, कोणत्या कप्प्यात उणे आले, ठिगळ कोठे व केव्हा लावले, चिकट द्रव्याच्या डब्याची मुदत, जाकिटांची संख्या, यंत्र कितव्या ओढीस सुरू झाले, आणि तपासणाऱ्या दोघांच्या सह्या. ‘सुस्थितीत’ हा शब्द या वहीत कोणीही लिहू नये, आकडे लिहावे. आकडा लिहावयाचा म्हणजे पिशवी सोडावीच लागते. वही नावेबरोबर पिशवीत न ठेवता बाहेर, किल्ली ज्याच्याकडे त्याच्या घरी ठेवावी. किल्ल्या दोन असाव्या व त्या वाडीच्या दोन टोकांस राहणाऱ्या दोन गृहस्थांकडे असाव्या, कारण पाणी चढले म्हणजे मधला रस्ता आधी जातो. त्या दोघांची नावे व फोनचे आकडे खोलीच्या दारावर तेलाच्या रंगाने लिहावे, खडूने नव्हे.